वाघोबाच्या वळणावरचे वायपर

१

मुलुंड पश्चिमेला, डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, त्या मंगळवारी सेल्फी पॉइंटचं उद्घाटन होतं. प्रमुख पाहुणी होती एक गाडी. विनाचालक. पांढरीशुभ्र, टपावर डब्यासारखं काहीतरी गरगरतंय, दारावर लफ्फेदार अक्षरांत 'मार्गस्थ'. ठरलं होतं असं, की गाडी आपली आपण येणार, फितीसमोर सुनेसारखी थांबणार, आणि बॉनेटवरच्या ताटातली कात्री उचलून स्थानिक नेते फीत कापणार.

अकरा वाजून दहा मिनिटांनी गाडी आली. थांबली मात्र नाही. वाघोबाच्या घुमटीपाशी उजवीकडे वळली, कोपऱ्यावर चाव्या बनवायला बसणाऱ्या धोंडिरामचं टेबल उडवलं, तशीच मंडपात घुसली, फीत तोडली आणि 'माझं मुलुंड' या थर्माकोलच्या अक्षरांतलं 'मुलुंड' खाऊन उभी राहिली. 'माझं' तेवढं शिल्लक राहिलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँजो पार्टीला वाटलं हीच खूण, त्यांनी दणक्यात सुरुवात केली. नेत्यांनी हात जोडले. कात्री कुठे गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. आणि या सगळ्या गदारोळात कोपऱ्यावरचं धोंडिरामचं ओरडणं चांगली दोन मिनिटं कुणाच्या कानावर गेलं नाही.

चाळीस वर्षं किल्ल्या घासणारा उजवा हात. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये सापडला. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी मनगटापासून काढून टाकला.

बुधवारी सकाळी विमा कंपनीनं माणिक साळव्यांना पाठवलं. साळवे घाटकोपरचे. वय सत्तावन्न. ठोकलेल्या गाड्या बघून कुणाची चूक, किती नुकसान, याचा रिपोर्ट द्यायचा हा एकतीस वर्षांचा धंदा. मालक रडून सांगतो, ड्रायव्हर शपथ घेऊन सांगतो, साळवे ऐकून घेतात आणि जाऊन पत्रा बघतात. पत्र्याला वकील नसतो, म्हणून तो खरं बोलतो, असं त्यांचं मत.

गाडी मंडपाशेजारी दोरी बांधून ठेवली होती. साळव्यांनी तिला दोन फेऱ्या मारल्या. पुढचा उजवा दिवा फुटलेला, बंपर फाटलेला, चालकाची सीट रिकामी आणि अजून प्लॅस्टिकमध्ये. हे सगळं वहीत गेलं.

मग ते पुढच्या काचेसमोर थांबले. धडकेत गाडीची वीज तुटली होती. ज्या क्षणी तुटली त्या क्षणी जे जिथे होतं ते तिथेच थिजलं होतं. दोन्ही वायपर काचेवर अर्ध्यात उभे होते, सलाम ठोकल्यासारखे. काचेवरच्या धुळीत त्यांनी पुसलेले दोन अर्धचंद्र स्वच्छ दिसत होते.

साळव्यांनी वर बघितलं. डिसेंबरातलं कोरडं ठणठणीत आभाळ. महिनाभर थेंब नाही.

"काय रे बाबा," ते गाडीला म्हणाले, "तुला कसला पाऊस दिसला?"

२

'मार्गस्थ मोबिलिटी'चं ऑफिस अंधेरीला. काचेची इमारत, सहावा मजला. रिसेप्शनच्या भिंतीवर पूर्ण भिंतीएवढा उपनगरांचा नकाशा, त्यावर पाच चमकते ठिपके आणि वर मथळा: 'भारताचं भविष्य इथून वळण घेतं.'

मालक अनिरुद्ध. छत्तीस वर्षांचा, उंच, हसताना फक्त वरचे दात दाखवणारा. नऊ वर्षं परदेशात राहून आला होता आणि ते सांगायला दीड मिनिटाच्या वर थांबायची त्याची तयारी नव्हती.

"तिकडे, साळवे, नावीन्य एका खोऱ्यात राहतं. मी म्हटलं, आपण खोरं कशाला शोधायचं? आपण कॉरिडॉर बनवू." तो नकाशापाशी गेला. "अंधेरी मुख्यालय. मुलुंड टेस्ट ट्रॅक. बोरीवली सिम्युलेशन लॅब. घाटकोपर डिझाइन स्टुडिओ. जगात सेल्फ-ड्रायव्हिंगची मोजकी केंद्रं आहेत. आता आपलंही नाव येतंय."

"आणि हा पाचवा?" साळव्यांनी कांजूरमार्गच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"डीप लर्निंग सेंटर. तिथे बघण्यासारखं काही नाही." अनिरुद्धनं विषय आणि साळव्यांचं बोट, दोन्ही हळूच बाजूला केले. "गाडीची चूक नाहीये. तो म्हातारा मध्ये आला."

"टेबल घेऊन?"

तेवढ्यात आली अपूर्वा, चीफ इंजिनिअर, डोळ्यांखाली काळं आणि हातात लॅपटॉप. तिनं गाडीच्या तीन महिन्यांच्या नोंदी उघडून दिल्या. साळवे तासभर वाचत बसले. मध्येच त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, ही गाडी रोज एक ते दीड थांबते."

"थर्मल रेस्ट. सिस्टिम गरम होते."

"आणि चार वाजता पंधरा मिनिटं?"

"तीसुद्धा."

"घाटकोपरला माझ्या बायकोची सिस्टिम चार वाजताच गरम होते. चहा लागतो तिला." त्यांनी पुढची नोंद काढली. "सिग्नल चुकवायला ही गाडी पेट्रोल पंपातून आडवी जाते. असं दिसतंय इथे."

"मॉडेल स्थानिक वाहतुकीतून शिकतं."

"आणि मुलुंडला या वळणावर रोज दोनदा हॉर्न. एकही दिवस चुकत नाही."

इथे अपूर्वाचा चेहरा जरा उजळला, पाठ केलेला धडा सापडल्यासारखा. "तिथे एक छोटं देऊळ आहे. बाकीच्या गाड्या वाजवतात, हे मॉडेलनं आपलं आपण टिपलं. आम्ही त्याला सांस्कृतिक बुद्धिमत्ता म्हणतो. दोन बक्षिसं मिळाली त्याला."

साळवे स्वतः बौद्ध, देवळाला हात जोडणारे नव्हेत. पण तीस वर्षं रिक्षांमध्ये मागे बसून त्यांनी शेकडो ड्रायव्हर बघितले होते, वळणावरच्या देवाला दोनदा हॉर्न देऊन कपाळाला हात लावणारे. त्यांनी त्यातल्या एकालाही बक्षीस मिळालेलं बघितलं नव्हतं.

"मंगळवारची नोंद दाखवा."

"ती... धडकेत खराब झाली," मागून आवाज आला. हा हर्षद, ऑपरेशन हेड. जन्म बोरीवलीचा, शाळा बोरीवली, कॉलेज बोरीवली, बायकोसुद्धा बोरीवलीचीच. काखेत हेल्मेट, घामेजलेला. "फाइल उघडतच नाहीये."

"धडकेत दिवा फुटतो," साळवे म्हणाले. "तुमच्याकडे फाइलपण फुटते?"

३

धोंडिराम सरकारी हॉस्पिटलात खिडकीजवळच्या खाटेवर होता. उशाशी सून कमल बसली होती. साळव्यांनी केळी ठेवली आणि स्टूल ओढलं.

"दादा, गाडी येताना दिसली नाही?"

"मान खाली होती माझी. चावी घासताना वर कोण बघतो?"

"आवाज?"

"ती बॅटरीवाली. आवाज कुठला? मांजर बरी, ती निदान म्यॉव तरी करते." धोंडिरामनं बँडेज बांधलेला हात उचलला, बघितला आणि परत खाली ठेवला. "पण साहेब, ती रोज येते ना! तीन महिने झाले. रोज घुमटीपाशी आली की पों, पोंऽऽ. दुसरा जरा लांब. मी मान वर करतो, हात करतो तिला."

"आत कोणी नसतं, तरी?"

"आत कोण आहे ते बघून हात करतात का? वाजवतंय ना कोणीतरी." तो थांबला. "काल वाजवलाच नाही. वाजवला असता तर मी वर बघितलं असतं. सरकलो असतो."

कमलनं डोळ्याला पदर लावला. साळव्यांनी वहीत लिहायला पेन काढलं आणि काही लिहिलं नाही.

"आणखी एक सांगू? तुम्ही हसाल."

"सांगा."

"गेल्या महिन्यात ती गाडी बोलली माझ्याशी. टेबल जरा पुढे आलेलं माझं. गाडी थांबली, आणि पुढच्या भोंग्यातून आवाज आला, 'अरे मेल्या, टेबल बाजूक घे रे!'"

"मालवणीत?"

"एकदम कणकवली. मी म्हटलं, गाडी गाववाली दिसते."

साळवे हसले नाहीत. त्यांना भिंतीवरचा तो पाचवा ठिपका आठवला, आणि त्यांच्या बोटाला हळूच बाजूला करणारा तो मऊ हात.

४

साळव्यांनी गुरुवारी सगळे ठिपके पायी आणि रिक्षानं तुडवले.

बोरीवलीची सिम्युलेशन लॅब म्हणजे हर्षदच्या आईचा फ्लॅट. तिनं चहा दिला, पत्रांचा गठ्ठा दिला आणि विचारलं, "हे लॅबवाले कधी येणार हो? दीड वर्षं त्यांचं टपाल सांभाळतेय." घाटकोपरचा डिझाइन स्टुडिओ म्हणजे गाड्यांना स्टिकर लावणारं दुकान. मुलुंडचा टेस्ट ट्रॅक म्हणजे महापालिकेचा रस्ता आणि कडेला गाड्या उभ्या करायचं एक पत्र्याचं आवार. तिथे 'मार्गस्थ'ची दुसरी गाडी अंगावर ताडपत्री घेऊन झोपली होती.

उरलं कांजूरमार्ग. कचऱ्याच्या डोंगराकडून वारा सुटला होता. औद्योगिक गाळ्यांच्या रांगेत शेवटचा गाळा, बाहेर चपलांचे दोन जोड. शटर अर्धं वर.

आत दोन मोठे पडदे. प्रत्येक पडद्यासमोर एक खुर्ची, आणि खुर्चीसमोर लोखंडी सांगाड्यावर बसवलेलं खरंखुरं गाडीचं स्टिअरिंग, दोन्ही बाजूंना काड्या, खाली पेडल. कुर्ल्याच्या भंगारातून आणलेलं. पडद्यावर गाडीच्या टपावरच्या कॅमेऱ्यातून दिसणारा रस्ता. कोपऱ्यात स्टोव्ह, चहाचं पातेलं आणि जेवणाचे दोन डबे.

म्हणजे थर्मल रेस्ट या डब्यांत भरून येत होती.

"कोण पाहिजे?" खुर्चीतला टकला म्हातारा वळला. "हय कोणाक येवक देनत नाय."

आवाज ओळखायला साळव्यांना कणकवलीला जायची गरज नव्हती. "धोंडिरामला मेल्या म्हणणारी गाडी तूच ना रे?"

म्हाताऱ्यानं जीभ चावली. त्याचं नाव बाळा. वीस वर्षं रिक्षा चालवून गुडघे गेलेले. आता कांजूरला बसून मुलुंडची गाडी हाकायचा. ओळखपत्रावर हुद्दा होता 'डेटा असोसिएट'.

"म्हणजे गाडी स्वतः काहीच करत नाही?"

"करता ना! सरळ रस्ता आणि समोर कुत्रो नसलो तर दोनशे मीटर जाता. मगे आमका हाक मारता."

दुसऱ्या खुर्चीत बसलेला माणूस काही बोलला नव्हता. पन्नाशीचा, बारीक मिशी, हात स्टिअरिंगवर, स्टिअरिंगच्या मधोमध बोटाएवढा कुंकवाचा टिळा. शिवदास. तोही जुना रिक्षावाला.

साळव्यांनी भिंतीवरचं ड्युटीचं रजिस्टर बघितलं. मंगळवार, सकाळी नऊ ते एक: शिवदास. बाकीच्या पानांवर ज्याची त्याची वेडीवाकडी सही. मंगळवारचं नाव मात्र ठळक, सुबक अक्षरात लिहिलेलं.

"हे अक्षर कोणाचं?"

"हर्षदसाहेबांचं," शिवदास म्हणाला. मग उठून उभा राहिला. "साहेब, शोधत बसू नका. अकरा दहाला या खुर्चीत मीच होतो. माझी चूक. उद्या पाच वाजता पोलिसांत जबाब देतोय."

बाळानं पातेल्याकडे तोंड फिरवलं.

"हॉर्न का नाही वाजवलात?"

शिवदासनं स्टिअरिंगवरच्या टिळ्यावर अंगठा फिरवला. "विसरलो."

५

तीन महिने, एकही दिवस न चुकता, दुसरा हॉर्न लांबवून वाजवणारा माणूस. आणि नेमका त्याच दिवशी विसरला.

साळव्यांचा विश्वास बसला नाही. शुक्रवारी सकाळी ते शिवदासच्या घरी गेले, भांडुपच्या चाळवजा वस्तीत. दार उघडलं त्याच्या मुलीनं, गार्गीनं. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, ओळखपत्रावर 'मार्गस्थ, अंधेरी'.

"तू तिथे कामाला?"

"सहा महिने. टेस्टिंगला. आमच्या घरातली पहिली इंजिनिअर मी." ती दार धरून उभी राहिली. "साहेब, पप्पा तीन रात्री झोपले नाहीत. हर्षदसर येऊन गेले. म्हणाले, शिवदास, गार्गीचं करिअर आत्ता कुठे सुरू झालंय. बस, एवढंच म्हणाले."

आतून शिवदासचा आवाज आला, "गार्गी, आत ये. साहेब, कशाला पोरीला मध्ये घेताय?"

साळवे उंबऱ्यातच बसले. "जबाब दिलात तर काय होईल माहीत आहे ना? केस तुमच्यावर. लायसन्स जाणार. आणि धोंडिरामचा हात कायमचा तुमच्या नावावर लागणार."

"तो हात माझ्याच नावावर आहे," शिवदास आतल्या अंधारातून म्हणाला. "खुर्चीतून मी उठायला नको होतं."

बोलून गेला. साळव्यांनी पुढे काही विचारलं नाही. हे वाक्य कागदावर आणलं तर शिवदास नाकबूल करणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ते रिक्षा करून मुलुंडला गेले. वाघोबाची घुमटी उजव्या कोपऱ्यावर, तिला चिकटून धोंडिरामची जागा. टेबलाचे तुकडे अजून पडलेले, धुळीत किल्ल्या. टायरच्या खुणांवर कोणीतरी खडूनं रेघ मारली होती. साळवे त्या रेघेवरून चालले. उजवीकडे वळल्यावर आपल्याकडे गाडी नव्या रस्त्याच्या डाव्या कडेला जाते. ही गाडी कोपऱ्याला घासून आत वळली होती आणि उजव्या कडेलाच चिकटून पुढे गेली होती. चुकीच्या बाजूनं. पण घसरली नव्हती, भरकटली नव्हती. आपला हक्काचा रस्ता असल्यासारखी, व्यवस्थित.

साळवे मटकन घुमटीच्या कट्ट्यावर बसले. न वाजलेला हॉर्न. उजवी कड. आणि कोरड्या काचेवरचे दोन अर्धचंद्र.

सतरा-अठरा वर्षांपूर्वीचा एक क्लेम त्यांना आठवला. सांताक्रूझचे एक डॉक्टर. दर वळणाला त्यांच्या गाडीचं तेच व्हायचं.

त्यांनी हर्षदला फोन लावला. "तीन वाजता सगळ्यांना कांजूरला बोलवा. मालकांनासुद्धा. सांगा, खुर्चीपुढचा स्टिअरिंगचा कन्सोल बिघडलेला होता का तेवढं बघायचंय, म्हणजे तुमचाच क्लेम सोपा होईल. आणि अपूर्वा मॅडमना तेवढं मुलुंडच्या आवारात पाठवा. दुसऱ्या गाडीवरची ताडपत्री काढून फोनवर राहू दे त्यांना."

६

तीन वाजता गाळ्यात पाचजण. अनिरुद्ध नाकाला रुमाल लावून, कारण वारा आजही कचऱ्याच्या डोंगराकडूनच होता. हर्षद दारापाशी. शिवदास भिंतीला. बाळा स्टोव्हपाशी. साळवे मधोमध, हातात फोन, फोन स्पीकरवर.

"हे लवकर आटपा," अनिरुद्ध म्हणाला. "मंगळवारी मी अंधेरीतून परदेशी गुंतवणूकदारांना व्हिडिओ कॉलवर लाइव्ह दाखवत होतो सगळं. त्यांना आज उत्तर द्यायचंय."

"दोन मिनिटं, सर. एकेकानं खुर्चीत बसायचं. समजा मुलुंडला घुमटीचं वळण आलंय, उजवीकडे जायचंय. गाडी हलवायची नाही. फक्त सिग्नल द्यायचा. मॅडम, गाडी काय करते ते सांगा."

बाळा बसला. "उजवा इंडिकेटर," फोनमधून अपूर्वा म्हणाली. मग आवाज, पों पोंऽऽ. "आणि हॉर्न."

"सवय," बाळा पुटपुटला.

हर्षद बसला. "उजवा इंडिकेटर." शिवदास बसला. त्याचा अंगठा सवयीनं हॉर्नकडे गेला आणि मागे आला. "उजवा इंडिकेटर."

"आता तुम्ही, सर. मालकानं स्वतः तपासला असं रिपोर्टात लिहिलं की वजन येतं."

अनिरुद्धनं हसून वरचे दात दाखवले. "तिकडे मी रोज शंभर मैल हाणायचो, साळवे. इकडे ड्रायव्हर ठेवलाय म्हणून काय झालं?" तो ऐटीत बसला, एक हात स्टिअरिंगवर, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी सहज काडी दाबली.

साळव्यांनी फोन पुढे धरला.

"मॅडम?"

"वायपर," अपूर्वा म्हणाली. "वायपर चालू झालेत."

बाळानं स्टोव्ह बारीक केला.

"आपल्या या गाडीत इंडिकेटरची काडी उजव्या हाताला," साळवे म्हणाले. "तिकडच्या गाड्यांत डाव्या. नऊ वर्षं डाव्या हातानं सिग्नल दिला की बोटं विसरत नाहीत. सांताक्रूझच्या एका डॉक्टरांचंही असंच व्हायचं, तेही तिकडून आलेले. इकडे डावी काडी दाबली की वायपर. कॅमेरा टपावर, त्यामुळे तुम्हाला पडद्यावर वायपर दिसलेच नाहीत. मंगळवारी वळणावर तुम्ही सिग्नल दिलात आणि काच पुसलीत. वळलात आणि तिकडच्यासारखे उजव्या कडेला लागलात. तिकडे तो तुमचा रस्ता. इकडे तिथे धोंडिराम बसतो."

"हास्यास्पद! बटण चुकून कोणाचंही—"

"कोणाचं? हर्षद रोज बोरीवलीहून गाडी चालवत येतो, तो दुसरा देश स्वप्नातही बघत नाही. अपूर्वा मॅडमकडे लायसन्सच नाही, मी विचारलंय, त्यांना सिग्नल द्यायचं सुचलंही नसतं. बाळा आणि शिवदास असते तर वळण्याआधी हॉर्न वाजला असता. या गाळ्यात सिग्नलऐवजी वायपर लावणारा एकच माणूस आहे. आणि व्हिडिओ कॉल, सर, कांजूरमधूनही लागतो. मागे पडदा टांगला की झालं."

"एकही साक्षीदार नाही तुमच्याकडे."

"मी आसंय की," स्टोव्हपाशी बाळा म्हणाला.

सगळे वळले.

"मी चाय करत होतंय. साहेब इले, म्हणाले शिवदास उठ. माका कोणी इचारलाच नाय, म्हणान बोललंय नाय."

शिवदास भिंतीवरून घसरत खाली बसला. मग सगळं बाहेर आलं, तीन दिवस दाबून ठेवलेलं. "लाइव्ह चालू होतं. साहेब म्हणाले, वळणावर हॉर्न नको, गोरे लोक हसतात. मी म्हटलं, साहेब, तिथे वाजवावाच लागतो. वाघोबा आहे. साहेब म्हणाले, एआय वाघोबाला घाबरत नाही. ऊठ, मी चालवतो." त्यानं तळहातांनी तोंड झाकलं. "आणि मी उठलो. उठ म्हटलं आणि उठलो, साहेब."

फोन अजून चालू होता. पलीकडे अपूर्वा रडत होती, की वायपरचा आवाज होता, ते साळव्यांना नीट कळलं नाही.

"साळवे," अनिरुद्ध अगदी हळू म्हणाला, "तुम्हाला कल्पना आहे का, तुम्ही देशाच्या कुठल्या भविष्याला धडक देताय?"

"मी धडक देत नाही, सर. मी नंतर येतो."

७

पाचचा जबाब झाला, पण तो बाळाचा झाला. शिवदासचं लायसन्स वाचलं.

वाचण्यासारखं एवढंच होतं. पुढच्याच आठवड्यात 'मार्गस्थ'मध्ये पुनर्रचना झाली आणि त्या पुनर्रचनेत नेमकी एकच जागा कमी झाली, गार्गीची. अपूर्वानं राजीनामा दिला. हर्षदच्या आईनं टपालाचा गठ्ठा रद्दीत घातला. अनिरुद्धला जामीन मिळाला. त्याची केस तारखांवर तारखा खात उभी आहे, आणि मधल्या वेळात तो एका परिषदेत 'यंत्रामागचा माणूस' या विषयावर बोलून आला. गुंतवणूकदारांना ते गाळ्याचं प्रकरण कळलं तेव्हा ते भडकतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, अशा किती खुर्च्या मावतील? आता कंपनी दुसऱ्या शहरात आहे. भिंत तेवढीच, नकाशा वेगळा, ठिपके पाचच.

फेब्रुवारीत साळव्यांच्या कपाटाची चावी हरवली. घाटकोपरला चार चावीवाले असताना ते मुलुंडला गेले.

घुमटीच्या कोपऱ्यावर नवं टेबल होतं. घासायला कमल बसली होती. धोंडिराम शेजारी स्टुलावर बसून तिला सांगत होता, "वरचा दात अजून. अजून गं. हां, बस कर, जास्त खाल्लंस."

"जमतंय का तिला?" साळव्यांनी विचारलं.

"हात चांगला आहे तिचा," धोंडिराम म्हणाला. "माझ्यापेक्षा एक जास्तच आहे."

कमल म्हणाली, "मामा, गप बसा ना!" तिनं मान वर केली नाही.

चावी होईपर्यंत साळवे उभे राहिले. वळणावरून एक रिक्षा आली. चालवणाऱ्याची बारीक मिशी साळव्यांनी लांबूनच ओळखली. रिक्षा घुमटीपाशी जरा हळू झाली.

पों, पोंऽऽ.

धोंडिरामनं सवयीनं मान वर केली आणि उजवा हात उचलला. बाही वाऱ्यावर लोंबली. रिक्षातल्या माणसानं ती बघितली, मान वळवली आणि रिक्षा कडेला लागून पुढे गेली. डाव्या कडेला.

धोंडिरामचा हात बराच वेळ तसाच वर राहिला.